शाळेच्या इमारतीसाठी परदेशी सरकारचे साहाय्य: मिळते कोणाला, मिळते कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक लहान सेवाभावी संस्था एका विकसनशील देशाच्या ग्रामीण भागात काम करते. तेथील मुले झाडाखाली किंवा पडक्या खोलीत शिकतात आणि संस्थेला शाळेची इमारत उभी करायची आहे. परदेशी सरकारे अशा कामाला पैसे देतात का, ते कोणाकडे मागायचे आणि मंजुरीसाठी काय दाखवावे लागते? अशा प्रस्तावांची छाननी आणि बांधकामावरील देखरेख ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे केली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

पैसे मिळतात. पण ते भिंती, छत, स्वच्छतागृह, पाण्याची सोय आणि बाके यांसाठी मिळतात. त्या खोलीत उभे राहून शिकवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी जवळजवळ कधीच मिळत नाहीत. देणाऱ्या देशाच्या दृष्टीने इमारत ही सोयीची गोष्ट असते, कारण ती एकदाच बांधायची असते, मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते आणि तिच्यावर नामफलक लावता येतो. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि कोणत्याही परक्या सरकारला वीस-तीस वर्षांचे असे ओझे नको असते. म्हणून प्रस्ताव वाचताना मी पहिल्यांदा नकाशा पाहत नाही, अंदाजपत्रकही पाहत नाही. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कोण शिकवणार आणि त्याला पगार कोणत्या खात्यातून मिळणार, हे लेखी दिले आहे का, एवढेच आधी पाहतो. चार खोल्यांची उत्तम इमारत दोन वर्षे कुलूपबंद राहिलेली मी पाहिली आहे. बांधकामात काही खोट नव्हती. त्या ठिकाणी शिक्षकांची पदेच मंजूर झालेली नव्हती, कारण शिक्षण खात्याला शाळा बांधली जात असल्याचे छत घालून झाल्यावर कळले.

हा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो, आणि लहान संस्थेच्या चुकीची सुरुवात बहुतेक वेळा वाट ओळखण्यातच होते. सर्वांत मोठी रक्कम सरकारकडून सरकारकडे जाते. देणारा देश किंवा अनेक देश मिळून त्या देशाच्या शिक्षण मंत्रालयाच्या आराखड्याला निधी देतात आणि कोणत्या गावात किती वर्गखोल्या बांधायच्या ते मंत्रालय ठरवते. 2002 मध्ये सुरू झालेला आणि 2011 पासून ‘ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन’ या नावाने चालणारा बहुराष्ट्रीय निधी याच पद्धतीचा आहे. भारतात 1994 मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातही जागतिक बँक, युरोपीय समुदाय, ब्रिटन आणि नेदरलँड्स यांचा पैसा अशाच रीतीने आला होता. त्या कार्यक्रमात बांधकामावरील खर्चाला आरंभी एकूण खर्चाच्या 24 टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. मला ती अट आजही शहाणपणाची वाटते, कारण मर्यादा नसेल तर शिक्षणाचा कार्यक्रम बघता बघता सिमेंटचा कार्यक्रम होऊन बसतो. या वाटेने एखाद्या संस्थेला थेट अर्ज करता येत नाही. मात्र आपल्या गावाचे नाव मंत्रालयाच्या किंवा जिल्ह्याच्या गरजांच्या यादीत आहे की नाही हे तपासता येते आणि नसेल तर ते घालून घेण्यासाठी प्रयत्न करता येतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण अनेकदा स्वतः इमारत बांधण्यापेक्षा स्वस्तात पडते.

दुसरी वाट म्हणजे देणाऱ्या देशाने स्वतःच्या यंत्रणेमार्फत शाळा बांधून देणे. 2006 च्या बीजिंग येथील चीन-आफ्रिका शिखर परिषदेत चीनने तीन वर्षांत आफ्रिकेत 100 ग्रामीण शाळा उभारण्याचे आश्वासन दिले होते. 2008 मध्ये योकोहामा येथे भरलेल्या आफ्रिका विकास परिषदेत जपानने सुमारे 1,000 शाळा, म्हणजे अंदाजे 5,500 वर्गखोल्या, बांधण्याचे जाहीर केले. चीनच्या पद्धतीत आराखडा, ठेकेदार आणि बरेचसे साहित्यही देणाऱ्या देशाकडूनच येते आणि तयार इमारतीची किल्ली स्थानिक सरकारच्या हाती दिली जाते. जपानची मोठी अनुदानेही पूर्वी जपानी ठेकेदारांमार्फतच खर्च होत असत, त्यामुळे इमारती भक्कम होत, पण एका खोलीचा खर्च फार वाढे. हे लक्षात आल्यावर 2006 मध्ये जपानने समाज-विकासासाठी अनुदानाचा वेगळा प्रकार आणला आणि त्यात स्थानिक आराखडे व स्थानिक ठेकेदार वापरण्याची मुभा दिली. मदत घेताना माल आणि ठेकेदार आमच्याच देशाचे घ्या, अशी अट असेल तर तिला बद्ध साहाय्य म्हणतात. अशा अटीमुळे खर्च साधारण 15 ते 30 टक्क्यांनी वाढतो, असा आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा बराच जुना अंदाज आहे, आणि अतिअविकसित देशांना दिले जाणारे साहाय्य या अटीतून मोकळे करावे, अशी शिफारस याच संघटनेच्या साहाय्य समितीने 2001 मध्ये केली होती.

आपल्यासारख्या संस्थेला खरोखर उपयोगी पडणारी वाट दूतावासांच्या लहान अनुदानांची आहे. जपानची ‘तळागाळातील मानवी सुरक्षा अनुदान’ योजना यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत शिस्तीची. 1989 मध्ये लहान अनुदानांची योजना म्हणून ती सुरू झाली आणि तिची नेहमीची मर्यादा दीर्घकाळ एका प्रकल्पाला 1 कोटी येन इतकी होती. स्थानिक संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा शाळा तेथील जपानी दूतावासाकडे थेट अर्ज करू शकते. काम सामान्यतः एका वर्षात पुरे करावे लागते, आणि पगार, रोजचा कार्यालयीन खर्च किंवा देखभाल यांना पैसे मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाचा ‘डायरेक्ट एड प्रोग्रॅम’ आणि कॅनडाचा ‘कॅनडा फंड फॉर लोकल इनिशिएटिव्ह्ज’ हेही त्यांच्या दूतावासांमार्फतच चालतात. त्यांच्या रकमा सहसा लहान असतात; त्यातून आख्खी शाळा उभी राहणे कठीण, पण स्वच्छतागृहे, छताची दुरुस्ती, पाण्याची टाकी किंवा एखादी जादा खोली होऊ शकते. नेपाळमध्ये भारत 2003 पासून लहान विकास प्रकल्पांसाठी अनुदान देत आला आहे. त्यात शाळांच्या इमारतींचा वाटा मोठा आहे आणि काम स्थानिक प्रशासनामार्फत होते. म्हणजे मदत करणारे देश नेहमी श्रीमंत पाश्चिमात्यच असतात ही समजूत आता जुनी झाली. काबूलमधील हबीबिया हायस्कूलची पुनर्बांधणी भारतानेच केली होती आणि 2005 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत ती शाळा सुपूर्द झाली होती.

देणाऱ्या देशातील मोठ्या स्वयंसेवी संस्था आपापल्या सरकारकडून निधी घेतात आणि तो स्थानिक भागीदारांना देतात, ही आणखी एक वाट. तिच्यात हिशेबाचे नियम सर्वांत किचकट असतात, हे आधीच मनाशी धरून चालावे.

आता छाननीबद्दल. जमिनीचा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि सर्वांत जास्त प्रस्ताव त्यावरच अडतात. ‘गावाने जमीन दिली आहे’ हे वाक्य प्रस्तावात भावपूर्ण दिसते, पण दूतावासातील अधिकाऱ्याला नोंदणीकृत दानपत्र किंवा सार्वजनिक मालकीचा उतारा हवा असतो. ज्या देशांत जमीन परंपरेने घराण्याच्या किंवा टोळीच्या ताब्यात असते, तेथे प्रमुखाचे पत्र आणि त्यावर स्थानिक प्रशासनाचा शिक्का अशी दोन्ही कागदपत्रे लागतात. जमीन देणारा हयात असेपर्यंत सारे सुरळीत चालते; अडचण त्याच्या वारसांच्या काळात उभी राहते. खासगी व्यक्तीच्या नावे असलेल्या जागेवर सार्वजनिक पैशाने शाळा बांधली, आणि पुढे वारसांनी पटांगणावर कुंपण घातले, असे प्रकार इतके सर्रास घडतात की अनुभवी अधिकारी त्या एका कागदावरच अर्धा तास घालवतो. त्याला दोष देऊ नये.

त्यानंतर शिक्षण खात्याचे पत्र. यात शाळेची मान्यता, मंजूर शिक्षकपदे, सध्याचा पट आणि इमारत पूर्ण झाल्यावर ती खाते ताब्यात घेईल अशी हमी या चारही गोष्टी असाव्यात. ‘आम्ही या उपक्रमाचे स्वागत करतो’ असे गोड पत्र काहीच सांगत नाही. पटाचे आकडे देताना फुगवाफुगवी करू नये, कारण अधिकारी पाहणीला येतात तेव्हा हजेरीपट उघडून पाहतात. शिवाय एका खोलीत किती मुले बसणार, यावरूनच किती खोल्या मंजूर करायच्या ते ठरते. आसपासच्या शाळांची अंतरेही द्यावीत. दोन किलोमीटरवर अर्धी रिकामी शाळा असताना नवी शाळा मागणारा प्रस्ताव टिकत नाही, आणि टिकूही नये. अपवाद एवढाच की मधे नदी, रहदारीचा रस्ता किंवा मुलींना एकटीने ओलांडता येणार नाही असा भाग असेल. मग तसे स्पष्ट लिहावे.

अंतराचा मुद्दा किती खरा आहे, हे अफगाणिस्तानातील घोर प्रांतात दिसले. अमेरिकी सरकारच्या निधीतून तेथे गावागावांत लहान शाळा सुरू केल्या गेल्या. त्यांना नवी इमारत नव्हती. घरात, मशिदीत, जी जागा असेल तेथे वर्ग भरत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांत मुलींची पटनोंदणी सुमारे 52 टक्के-अंकांनी, म्हणजे दर शंभर मुलींमागे आणखी 52 मुलींनी, वाढली. म्हणून मी प्रस्ताव देणाऱ्यांना नेहमी विचारतो की इमारतच हवी आहे, की शाळा जवळ हवी आहे. कधी कधी उत्तर दुसरे असते, आणि मग भाड्याची खोली व एक शिक्षक यांतून निम्म्याहून अधिक काम होते.

इमारतीने काहीच साधत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. इंडोनेशियाने 1973-74 पासून पाच-सहा वर्षांत 61,000 हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्या तेलाच्या उत्पन्नातून, म्हणजे देशाच्या स्वतःच्या पैशातून बांधल्या होत्या. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली, तर मुलांचे शिक्षण सरासरी 0.12 ते 0.19 वर्षांनी वाढले आणि मोठेपणी त्यांची मजुरीही 1.5 ते 2.7 टक्क्यांनी वाढली. पण शाळा बांधण्याबरोबर शिक्षक भरतीही तेथील सरकारनेच केली, ही गोष्ट हे उदाहरण देणारे बरेच जण गाळतात. परदेशी मदतीतले याहून जवळचे उदाहरण बुर्किना फासोचे आहे. मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या अमेरिकी सरकारच्या साहाय्य संस्थेच्या पैशातून 2005 ते 2008 या काळात तेथील 132 गावांत मुलींना सोयीच्या शाळा बांधल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी वर्गखोल्यांबरोबर शिक्षकांची घरे, पाण्याचा स्रोत आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे होती. मुलींना घरी नेण्यासाठी शिधा मिळे आणि लहान भावंडांसाठी बालसंगोपन केंद्रही होते. पटनोंदणी सुमारे 19 टक्के-अंकांनी वाढली आणि परीक्षेतील गुणही लक्षणीय वाढले. मोठी बहीण धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी राहते, हे ज्याने ओळखले त्याने ते बालसंगोपन केंद्र नकाशात घातले. माझ्या मते त्या संपूर्ण आराखड्यातील सर्वांत हुशार ओळ तीच.

खर्चाबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आफ्रिकेतील अनुभवांचा जागतिक बँकेने 2009 मध्ये जो आढावा घेतला, त्यात केंद्रीय मंत्रालयांनी किंवा मोठ्या मध्यस्थ यंत्रणांनी बांधलेल्या वर्गखोल्यांपेक्षा गावच्या समितीकडे पैसे व ठेका देऊन बांधलेल्या खोल्या बऱ्याच स्वस्त पडल्या आणि दर्जातही मागे राहिल्या नाहीत, असे दिसून आले. माझाही अनुभव तसाच आहे, पण त्याला एक अट जोडावी लागते. समितीकडे पैसा द्यायचा तर तिच्यासोबत पगारी, स्वतंत्र अभियंता हवाच, आणि पाया खोदणे, कॉलम व बीमची सळई बांधणे आणि छत ओतणे या तीन वेळी तो प्रत्यक्ष कामावर हजर हवा. एकदा काँक्रीट ओतले की सळई किती व कशी आहे ते कोणालाही दिसत नाही. प्रस्तावात अभियंत्याच्या देखरेखीसाठी एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम ठेवावी. ती कापून अंदाजपत्रक आकर्षक करण्याचा मोह पुष्कळांना होतो.

देखरेखीचा हा आग्रह का, हे भूकंपग्रस्त प्रदेशांत काम केलेल्यांना सांगावे लागत नाही. 8 ऑक्टोबर 2005 रोजी सकाळी काश्मीर आणि पाकिस्तानचा उत्तर भाग हादरला तेव्हा शाळा भरलेल्या होत्या आणि हजारो मुले वर्गांतच गाडली गेली. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला तो शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास. तेथे शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते म्हणूनच शाळा रिकाम्या होत्या, नाही तर हजारो वर्गखोल्या कोसळल्या त्यांतून काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. काठमांडू खोऱ्यात ज्या शाळांचे मजबुतीकरण आधीच परदेशी साहाय्याने झाले होते, त्या उभ्या राहिल्या. त्यानंतर भारताने तेथील शिक्षण क्षेत्राच्या पुनर्बांधणीसाठी 5 कोटी डॉलरचे अनुदान दिले आणि त्यातील तांत्रिक मार्गदर्शनाचे काम रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेकडे सोपवले. आपला प्रकल्प भूकंपप्रवण भागात असेल तर त्या देशाच्या बांधकाम संहितेनुसार आराखडा तपासला असल्याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र प्रस्तावासोबत जोडावे. मागितले नसले तरी जोडावे.

चलनाचा प्रश्न नवख्यांच्या लक्षात उशिरा येतो. अनुदान येन, डॉलर किंवा युरोमध्ये ठरते, ठेका स्थानिक चलनात होतो, आणि अर्ज ते पहिला हप्ता यांत वर्ष निघून जाते. 2022 मध्ये येन जानेवारीत एका डॉलरला सुमारे 115 होता. ऑक्टोबरात तो 150 च्या पलीकडे घसरला. येनमध्ये मंजूर झालेल्या रकमेतून आयात सळई विकत घेणाऱ्यांची त्या वर्षी काय गत झाली असेल ते सांगायला नको. म्हणून आराखडा टप्प्यांत विभागावा. पैसे कमी पडलेच तर कुंपण आणि रंगकाम पुढे ढकलता यावे. छत आणि स्वच्छतागृह मात्र कधीही शेवटच्या टप्प्यात ठेवू नये. स्थानिक करांबाबतही आधीच विचारून घ्यावे, कारण बरीच देणारी सरकारे आपल्या अनुदानातून कर भरू देत नाहीत, आणि करमाफीचा दाखला मिळवायलाच चार-सहा महिने जातात.

गावाच्या श्रमदानाबद्दलही एक शब्द. देणाऱ्या संस्थांना गावाचा वाटा पाहायला आवडतो. वाळू, दगड, पाणी वाहणे, पाया खोदणे असे ते काम असते. पण तो वाटा बहुधा गरिबांच्याच, आणि त्यांतही बायकांच्या पाठीवर येतो, तर सधन घरे दोन नोटा देऊन मोकळी होतात. श्रमदान कोणाकडून, किती दिवस आणि कोणत्या हंगामात घेणार, हे ठरवून लिहावे. पेरणीच्या दिवसांत ते अपेक्षू नये.

काही गोष्टी कोणत्याही प्रस्तावाच्या हाताबाहेर असतात. अफगाणिस्तानात परदेशी पैशाने बांधलेल्या कितीतरी शाळांच्या इमारती आजही उभ्या आहेत, पण सप्टेंबर 2021 पासून तेथे सहावीच्या पुढे मुलींना शाळेत जाऊ दिले जात नाही. देणाऱ्या देशांतही वारे फिरते. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के साहाय्य द्यावे असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 मध्ये केला होता. ब्रिटनने 2021 मध्ये आपले साहाय्य 0.7 वरून 0.5 टक्क्यांवर आणले आणि 2027 पर्यंत ते 0.3 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. अमेरिकेची विकास साहाय्य यंत्रणा यूएसएड 1 जुलै 2025 पासून बंद झाली आणि तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. तिच्या पैशावर अवलंबून असलेल्या मोठ्या स्वयंसेवी संस्था आता त्याच दूतावासांच्या दारात उभ्या आहेत जेथे आपण जाणार आहात. स्पर्धा वाढणार हे उघड आहे. मात्र लहान अनुदानांत स्थानिक संस्थेचे पारडे अजूनही जड असते, कारण तिच्यावर मुख्यालयाचा खर्च नसतो.

तेव्हा पुढील सहा महिन्यांचा क्रम मी असा ठेवीन. पहिले दोन महिने जिल्हा शिक्षण कार्यालयाच्या खेपा घालून वर सांगितलेले पत्र आणि जमिनीचे कागद मिळवावेत. तोवर दूतावासाला काहीही लिहू नये. मग स्थानिक अभियंत्याकडून आराखडा व तीन ठेकेदारांचे लेखी दर घ्यावेत. एकाच हस्ताक्षरातील तीन दरपत्रके अधिकारी लगेच ओळखतात. त्यानंतर दूतावासाच्या संकेतस्थळावर अर्जाची मुदत पाहावी आणि मुदतीच्या आधीच दोन पानी टिपण घेऊन भेट मागावी. संस्थेचे मागील दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सोबत न्यावेत. हिशेब नसतील तर यंदाचे वर्ष त्यातच घालवावे आणि अर्ज पुढच्या वर्षी करावा. ठेक्याच्या करारात शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवण्याचे कलम घालावे, आणि गळती आहे की नाही ते पाहायला पावसाच्या दिवशी स्वतः जावे.